स्मृतीतील रद्दी आणि हवाल्याचा नियम : ईमॅक्स संपादकातील लिस्पच्या स्मृती-व्यवस्थापनाची वाटचाल

प्रस्तावना

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील देडतलाई हे गाव मेळघाटाच्या सीमेलगत वसलेले आहे. या पट्ट्यात मराठी, हिंदी, उर्दू आणि कोरकू या भाषा एकाच बाजारात कानी पडतात. लिहिण्याची वेळ आली की नागरी आणि नस्तालीक अशा दोन लिप्या समोर येतात. एक डावीकडून उजवीकडे जाते, तर दुसरी उजवीकडून डावीकडे. अशा भागातील महाविद्यालयात संगणकावर मजकूर लिहिणे हा विषय केवळ विज्ञान शाखेपुरता राहत नाही. भाषेच्या अध्यापकालाही त्याच्याशी रोजचा संबंध येतो. मजकूर लिहिताना पडदा क्षणभर थबकतो, कळ दाबली तरी अक्षर उमटत नाही आणि मग चार अक्षरे एकदम उमटतात, हा अनुभव अनेकांना आहे. त्याचे खापर बहुधा जुन्या यंत्रावर फोडले जाते. प्रत्यक्षात या थबकण्यामागे अनेक कारणे असू शकतात. त्यांपैकी एका कारणाला साठ वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

संगणकाच्या स्मृतीत साठलेली निरुपयोगी सामग्री ओळखून ती जागा पुन्हा वापरात आणण्याच्या क्रियेला इंग्रजीत कचरा गोळा करणे अशा अर्थाचे नाव आहे. प्रस्तुत लेखात या क्रियेचा इतिहास ईमॅक्स या मजकूर-संपादकाच्या आधारे मांडला आहे. ईमॅक्सच्या पोटात लिस्प भाषेचा दुभाषी बसवलेला आहे आणि त्याची साफसफाईची यंत्रणा गेल्या चाळीस वर्षांत अनेकदा दुरुस्त झाली. ही दुरुस्ती करणाऱ्यांपुढे प्रत्येक वेळी एकच पेच होता. घर वापरात असताना त्याचा पाया कसा बदलावा? याच प्रश्नाकडे मुंबईत पवई येथेही वेगळ्या बाजूने पाहिले गेले. त्याचाही विचार येथे केला आहे.

१. हवाला आणि रद्दी

मराठीत 'हवाला' हा शब्द अरबी-फारसीतून आला. हुंडीच्या व्यवहारामुळे तो अलीकडे बदनाम झाला असला तरी त्याचा एक मूळ अर्थ दाखला किंवा संदर्भ असा आहे. उर्दूत संदर्भग्रंथाचा उल्लेख करताना आजही 'हवाला' दिला जातो. 'रद्दी' हा शब्दही त्याच वाटेने आला. 'रद्द' म्हणजे नाकारलेले, फिरवलेले. घरातील कागद कचरा नसतो. त्याची गरज संपली की तो रद्दी ठरतो. संगणकाच्या स्मृतीचा प्रश्न या दोन शब्दांत नेमका मांडता येतो.

कार्यक्रम चालू असताना स्मृतीत वस्तू निर्माण होतात. संख्या, शब्द, याद्या, तक्ते अशी त्यांची रूपे असतात. प्रत्येक वस्तूचा एक पत्ता असतो आणि दुसरी एखादी वस्तू तो पत्ता बाळगते. हा पत्ता म्हणजेच हवाला. ज्या वस्तूचा हवाला कोणाकडेही उरला नाही ती वस्तू कार्यक्रमाला पुन्हा सापडणेच शक्य नाही. म्हणून ती रद्दी. ही रद्दी उचलली नाही तर स्मृती भरते. पण हवाला शिल्लक असलेली वस्तू चुकून उचलली तर त्याहून मोठा अनर्थ होतो. त्या जागी दुसरेच काही येऊन बसते आणि कार्यक्रम परक्या सामग्रीला आपली समजून वापरू लागतो. थोडी रद्दी राहून गेली तर जागा वाया जाते. एक जिवंत वस्तू गेली तर मजकूरच नष्ट होऊ शकतो. या क्षेत्रातील सर्व सावधगिरीचे मूळ या असमतोलात आहे.

२. १९६० : दोन मार्ग

जॉन मॅकार्थी यांनी १९५८ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत लिस्प भाषेच्या रचनेस सुरुवात केली. त्यांचा प्रसिद्ध निबंध एप्रिल १९६० मध्ये छापून आला. लिस्पमध्ये सर्व काही याद्यांच्या रूपात असते आणि यादी ही दोन-दोन घरांच्या जोड्यांनी बनते. अशा जोडीला 'कॉन्स' म्हणतात. एका घरात वस्तूचा हवाला आणि दुसऱ्या घरात पुढील जोडीचा हवाला असतो. चालू कार्यक्रमात अशा हजारो जोड्या जन्मतात आणि टाकून दिल्या जातात. प्रत्येकीचा हिशेब कार्यक्रमकाराने ठेवावा ही अपेक्षा मॅकार्थी यांना मान्य नव्हती.

त्यांनी सुचवलेला उपाय असा. मोकळ्या जागा संपेपर्यंत काहीही करू नये. त्या संपल्या की काम थांबवून निश्चित ठाऊक असलेल्या मुळांपासून निघावे, हवाल्यांच्या मागोमाग जावे आणि वाटेत भेटेल त्या प्रत्येक वस्तूवर खूण करावी. मग सर्व स्मृती ओळीने तपासावी. जिच्यावर खूण नाही ती जागा मोकळ्या यादीत टाकावी. याला 'खूण करा आणि झाडा' असे म्हणता येईल. त्या काळच्या यंत्रावर या एका फेरीस काही सेकंद लागत. त्या वेळी यंत्रासमोर बसून अक्षरे टंकणारा कोणी नव्हता, म्हणून ते खपून गेले.

बुऱ्हाणपूरकरांना ही पद्धत समजावून देण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. मोगल काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल शहरात आणण्यासाठी कुंडी भंडारा बांधला गेला. त्याचे श्रेय तबकुतुल अर्ज या पर्शियन जाणकाराला दिले जाते. जमिनीखालील बोगदा आणि त्यावर ओळीने उतरलेल्या शंभराहून अधिक कुंड्या अशी ही रचना आहे. या बोगद्यातून कोणी दिवा घेऊन निघाला आणि वाटेत लागणाऱ्या प्रत्येक कुंडीवर चुन्याची खूण करत गेला, तर शेवटी वर येऊन कोणती कुंडी जिवंत प्रवाहाशी जोडलेली आहे हे सहज सांगता येईल. जिच्यावर खूण नाही ती प्रवाहापासून तुटलेली. मॅकार्थी यांचा नियम याहून वेगळा नाही. वस्तू उपयोगी आहे का, हे तो विचारत नाही. तिथपर्यंत वाट आहे का, एवढेच विचारतो.

त्याच वर्षी जॉर्ज कॉलिन्स यांनी दुसरा मार्ग सुचवला. प्रत्येक वस्तूपाशी तिच्याकडे येणाऱ्या हवाल्यांची संख्या लिहून ठेवावी. नवा हवाला आला की एक जमा आणि गेला की एक वजा. बाकी शून्य झाली की वस्तू लगेच मोकळी करावी. यात काम थांबवून मोठी फेरी काढावी लागत नाही. मात्र दोन वस्तू एकमेकींचाच हवाला धरून बसल्या तर जगाशी संबंध तुटूनही त्यांची बाकी शून्य होत नाही. पुढील सर्व संशोधन या दोन मार्गांच्या गुणदोषांतून वाढले.

३. संपादकाच्या पोटातील भाषा

ईमॅक्सचा जन्म १९७६ मध्ये त्याच मॅसॅच्युसेट्स संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झाला. रिचर्ड स्टॉलमन यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले असले तरी गाय स्टील आणि डेव्हिड मून यांचाही आरंभीच्या कामात वाटा होता. हा पहिला ईमॅक्स टेको या जुन्या संपादकाच्या आज्ञांवर उभा होता. १९७८ मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स यंत्रणेवर लिस्पमध्ये ईमॅक्स लिहिला. वापरणाऱ्याने संपादकाचे वर्तन स्वतः बदलावे, यासाठी लिस्प सोयीची आहे हे त्यातून दिसून आले. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९८४ मध्ये ग्नू ईमॅक्सचे काम सुरू झाले आणि १९८५ पासून त्याचा प्रसार झाला.

या रचनेचे दोन थर आहेत. खालचा थर सी भाषेत आहे. पडद्यावर मजकूर उमटवणे, फाइल वाचणे आणि लिस्प समजून घेणे ही कामे तो करतो. वरचा मोठा थर लिस्पमध्ये आहे. कळ दाबली की लिस्पमधील एखादी क्रिया चालते आणि त्यातून लहान लहान वस्तू निर्माण होतात. म्हणजेच लिहिण्याच्या प्रत्येक कृतीतून थोडी रद्दी तयार होते. ती उचलण्यासाठी मॅकार्थी यांचीच पद्धत निवडली गेली. ती सोपी होती आणि त्या काळच्या छोट्या स्मृतीत बसणारी होती. ईमॅक्स या नावातील पाच इंग्रजी अक्षरांची फोड त्या काळी गमतीने 'आठ मेगाबाइट आणि सतत अदलाबदल' अशी केली जाई. आज आठ मेगाबाइट ही एका छायाचित्राचीही जागा नाही. ही थट्टा तेव्हाच्या अडचणीची साक्ष देते.

४. एका बिटाची किंमत

खूण करायची तर ती कोठे करायची, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. ईमॅक्सच्या इतिहासात त्याचे परिणाम दूरवर गेले. ३२ बिटांच्या यंत्रावर लिस्पची प्रत्येक किंमत ३२ बिटांत बसवावी लागे. त्यांतील ३ बिट वस्तूचा प्रकार सांगण्यासाठी आणि १ बिट साफसफाईच्या खुणेसाठी राखून ठेवला होता. उरलेल्या २८ बिटांत संख्या मावे. त्यांतही धन-ऋण चिन्ह धरले की सर्वांत मोठी संख्या सुमारे १३ कोटी ४२ लाख एवढी होते.

संपादकात मजकुरातील प्रत्येक स्थान म्हणजे एक संख्या. म्हणून या मर्यादेचा अर्थ असा झाला की १२८ मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल ईमॅक्समध्ये उघडतच नसे. फाइलच्या आकाराचा आणि रद्दीवरील खुणेचा असा संबंध असेल, हे वापरणाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हते. २००३ मध्ये स्टेफान मोनिए यांनी ही खूण किमतीतून काढून बाहेर ठेवली. कॉन्स-जोड्यांचे गट करून प्रत्येक गटापाशी खुणांचा वेगळा तक्ता ठेवण्यात आला. एक बिट मोकळा झाला आणि २००७ मध्ये आलेल्या २२ व्या आवृत्तीत मर्यादा दुप्पट होऊन २५६ मेगाबाइट झाली. घरातील एक भिंत सरकवल्यावर दुसऱ्याच खोलीत जागा झाली, असा हा प्रकार होता.

५. लपलेले हवाले

मुळांपासून निघायचे तर सर्व मुळे ठाऊक हवीत. लिस्पमधील नावे आणि उघडलेले मजकूर ही उघड मुळे. पण सी भाषेतील एखादी क्रिया अर्धवट चालू असताना तिच्या तात्पुरत्या चलांमध्येही लिस्प वस्तूंचे हवाले असतात. ते स्टॅकवर, म्हणजे चालू कामाच्या टिपणवहीत, राहतात. साफसफाईला ते दिसत नाहीत.

सुरुवातीच्या काळात यावर कार्यक्रमकाराची शिस्त हाच उपाय होता. साफसफाई होऊ शकेल अशी क्रिया बोलावण्यापूर्वी प्रत्येक तात्पुरत्या चलाची नोंद करायची आणि काम संपले की ती नोंद काढायची. एकाही जागी विसर पडला तर जिवंत वस्तू उचलली जाई. हा दोष तेथल्या तेथे प्रकट होत नसे. बऱ्याच वेळाने, भलत्याच ठिकाणी, संपादक कोसळे. नोंदवहीत एक नाव राहून गेले म्हणून एखाद्या विद्यार्थ्याचा प्रवेश रद्द व्हावा आणि ते परीक्षेच्या दिवशी कळावे, तसे हे होते.

१९८८ मध्ये हान्स बोम आणि मार्क वाइझर यांनी वेगळा विचार मांडला. नोंदीवर विसंबू नये, सगळा स्टॅकच वाचावा. त्यातील जी संख्या वस्तूच्या पत्त्यासारखी दिसेल ती हवाला आहे असे धरून चालावे. एखादी साधी संख्या योगायोगाने पत्त्यासारखी दिसली तर थोडी रद्दी राहून जाईल, पण जिवंत वस्तू जाणार नाही. वर सांगितलेल्या असमतोलाचा हा योग्य उपयोग होता. गेर्ड म्योलमान यांनी ही कल्पना ईमॅक्समध्ये आणली आणि २००१ च्या २१ व्या आवृत्तीत ती दाखल झाली. स्टॅकवरील संख्या खरोखर लिस्पच्या स्मृतीत पडते का हे चटकन शोधता यावे म्हणून त्यांनी स्मृतीच्या गटांचा एक समतोल वृक्ष ठेवला. जुनी नोंदपद्धती मात्र लगेच गेली नाही. ती २०१५ च्या सुमारास सी भाषेतील भागातून काढून टाकण्यात आली. नवी पद्धत आल्यावरही जुनी सुमारे दीड दशक शेजारी उभी होती. चालू संस्थेत सुधारणा कशी होते याचे हे बोलके उदाहरण आहे.

या निवडीची एक किंमतही होती. पत्त्यासारखी दिसणारी संख्या खरा हवाला आहे की नाही याची खात्री नसल्यामुळे ती बदलता येत नाही. म्हणून त्या वस्तूची जागाही हलवता येत नाही. पुढे हा मुद्दा महत्त्वाचा ठरला.

६. थांबण्याचा प्रश्न

साफसफाई केव्हा करायची, याचा ईमॅक्सचा नियम सरळ आहे. मागील फेरीनंतर ठरावीक बाइटएवढ्या नव्या वस्तू निर्माण झाल्या की पुढील फेरी. ही मर्यादा ३२ बिटांच्या यंत्रावर ४,००,००० बाइट आणि ६४ बिटांच्या यंत्रावर ८,००,००० बाइट अशी ठेवली गेली. कॉन्स-जोडीस अनुक्रमे ८ आणि १६ बाइट लागतात. म्हणजे दोन्हीकडे हिशेब ५०,००० जोड्यांचाच येतो. २२ व्या आवृत्तीपासून यात एका प्रमाणाची भर पडली. एकूण साठ्याच्या दहावा भाग नव्याने निर्माण होईपर्यंतही थांबावे, असा तो नियम आहे.

फेरी चालू असेपर्यंत बाकी सर्व काम बंद राहते. फेरीचा वेळ जिवंत वस्तूंच्या संख्येवर आणि एकूण साठ्यावर अवलंबून असतो. म्हणून साठा वाढला की थबकणेही वाढते. अनेक जाणकार वापरकर्ते वरील मर्यादा शेकडो पटींनी वाढवून ठेवू लागले. त्यामुळे थबकणे विरळ झाले, पण जेव्हा होई तेव्हा अधिक लांब होई. दर आठवड्याला अंगण झाडायचे टाळून वर्षातून एकदा झाडण्यासारखा हा उपाय होता.

भारतीय लिप्यांच्या दृष्टीने येथे एक बाब नोंदवली पाहिजे. ईमॅक्सची अंतर्गत लिपिसंहिता २००९ च्या २३ व्या आवृत्तीत युनिकोडवर आधारली गेली. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांची नीट सोय एली झारेत्स्की यांच्या कामामुळे २०१२ च्या २४ व्या आवृत्तीत झाली. उर्दूसारख्या भाषेसाठी ही मोठी पायरी होती. रोमन अक्षरांतून देवनागरी लिहिण्यासाठी अविनाश चोपडे यांनी रचलेली आयट्रान्स पद्धतीही ईमॅक्समध्ये उपलब्ध आहे. या लिप्यांमध्ये अक्षर आणि संकेत यांचा मेळ एकास एक नसतो. 'क्षि' हे डोळ्यांना एक अक्षर दिसते, पण त्यामागे क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार संकेत असतात. उर्दूतील अक्षरही शेजारच्या अक्षराप्रमाणे रूप बदलते. ही जुळणी करताना ईमॅक्स तिची माहिती लिस्प वस्तूंच्या रूपात साठवतो. साध्या रोमन मजकुराला हे लागत नाही. त्यामुळे स्मृती-व्यवस्थापनातील सुधारणा मराठी आणि उर्दू लिहिणाऱ्यांसाठी परकी बाब ठरत नाही.

७. पवईतील विचार : पोहोचणे आणि जगणे

आतापर्यंतच्या सर्व पद्धतींत एक गृहीत आहे. जिथपर्यंत वाट आहे ती वस्तू जिवंत. पण वाट असलेल्या प्रत्येक वस्तूचे काम उरलेले असतेच असे नाही. विद्यार्थ्यांची यादी वाचली, तिची छपाई झाली आणि पुढे कार्यक्रमात ती कधीच लागणार नाही. तरीही एखाद्या चलाकडे तिचा हवाला राहिला तर साफसफाई तिला हात लावत नाही. कपाटाची किल्ली आहे म्हणून आतले कागद उपयोगाचे आहेत, असे म्हणण्याचा हा प्रकार आहे.

मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत, पवई येथे, या प्रश्नावर दीर्घकाळ काम झाले. उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि अमेय करकरे यांचा या विषयावरील शोधनिबंध २००७ मध्ये संगणकीय भाषांना वाहिलेल्या एका अग्रगण्य आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खेडकर यांनी त्यापूर्वी पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातही अध्यापन केले होते. या निबंधाची कल्पना अशी होती. कार्यक्रम चालवण्याआधीच त्याचा मजकूर तपासावा. कोणत्या टप्प्यानंतर कोणता हवाला पुन्हा वापरला जाणार नाही हे आलेखाच्या साहाय्याने काढावे आणि त्या टप्प्यावर तो हवाला पुसून टाकण्याची सूचना कार्यक्रमातच घालावी. मग साधी साफसफाईही अधिक रद्दी उचलू शकते.

२०१४ मध्ये राहुल असाटी, सन्याल, करकरे आणि केंब्रिजचे ॲलन मायक्रॉफ्ट यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी हे ज्ञान थेट साफसफाई करणाऱ्या यंत्रणेच्या हाती दिले. खूण करत जाताना तिने केवळ पुढे वापरल्या जाणाऱ्या वाटांनीच जावे, अशी ही योजना होती. लिस्पच्या कुळातील एका साध्या भाषेवर तिची परीक्षा घेतली गेली. प्रत्येक फेरीत अधिक जागा मोकळी झाली, फेऱ्यांची संख्या घटली आणि कार्यक्रम कमी स्मृतीत चालू शकले. बऱ्याच कार्यक्रमांत साफसफाईचा एकूण वेळही कमी झाला.

ही पद्धत ईमॅक्सला जशीच्या तशी लावता येणार नाही, हेही स्पष्ट केले पाहिजे. ती संपूर्ण कार्यक्रम आधी हाती असण्यावर अवलंबून आहे. ईमॅक्सची लिस्प चालता-चालता बदलते. वापरणारा कोणत्याही क्षणी एखादी क्रिया नव्याने लिहू शकतो. जे उद्या लिहिले जाईल त्याला काय लागणार आहे, याचा अंदाज आज बांधता येत नाही. स्वातंत्र्य जेवढे अधिक, तेवढी भविष्याबद्दलची खात्री कमी. तरीही पवईच्या कामाने एक मूलभूत भेद ठसवला. पोहोचता येणे आणि कामाचे असणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

८. २०२४ : पुन्हा पायाला हात

दरम्यान इतर भाषांच्या यंत्रणा पुढे गेल्या होत्या. १९६९ मध्ये फेनिकेल आणि योकेल्सन यांनी जिवंत वस्तू नव्या जागेत उचलून नेण्याची पद्धत दाखवली. १९८३ मध्ये लीबरमन आणि ह्यूइट यांनी आणि १९८४ मध्ये डेव्हिड उंगार यांनी पिढ्यांचा विचार पुढे आणला. बहुतेक वस्तू जन्मताच निरुपयोगी होतात. म्हणून नव्या पिढीची वारंवार आणि जुन्या पिढीची क्वचित तपासणी करावी, हे त्याचे सार. ईमॅक्स मात्र प्रत्येक फेरीत सर्व पिढ्या तपासत राहिला.

नंतर दबाव वाढत गेला. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या २८ व्या आवृत्तीत आंद्रेया कोराल्लो यांच्या कामामुळे लिस्पचे यंत्रभाषेत थेट रूपांतर होऊ लागले. लिस्प वेगवान झाल्यावर साफसफाईचा वेळ अधिक डोळ्यांत भरू लागला. जुलै २०२३ मधील २९ व्या आवृत्तीत खूण करण्याची रीत सुधारली. पूर्वी खोल गुंफलेल्या यादीत शिरताना सी भाषेचा स्टॅकच अपुरा पडण्याचा धोका होता. आता त्यासाठी वेगळा साठा ठेवला गेला. या सर्व दुरुस्त्या होत्या. पद्धत मॅकार्थी यांचीच राहिली.

२०२४ मध्ये गेर्ड म्योलमान यांनी मूळ यंत्रणाच बदलण्याचा प्रयोग हाती घेतला. २००१ मध्ये स्टॅक वाचण्याची पद्धत आणणारे हेच गृहस्थ. दोन दशकांनंतर त्यांनी आपल्याच कामाला पर्याय शोधण्यास सुरुवात केली, ही बाब संशोधनवृत्तीची निदर्शक आहे. मुख्य आवृत्तीला धक्का लागू नये म्हणून हे काम वेगळ्या शाखेत सुरू झाले. त्यासाठी मेमरी पूल सिस्टिम हे तयार ग्रंथालय निवडले गेले. ते १९९० च्या दशकात इंग्लंडमधील हार्लेक्विन या कंपनीत तयार झाले आणि नंतर रेव्हनब्रुककडे आले.

या नव्या पद्धतीत फेरी एकदम होत नाही. ती तुकड्या-तुकड्यांनी, कामाच्या अधेमधे होते. स्मृतीचे काही भाग तात्पुरते कुलूपबंद केले जातात. कार्यक्रमाने त्यांना हात लावला की यंत्रणेला सूचना मिळते. ती तेवढा भाग तपासून कुलूप काढते. वस्तू पिढ्यांत वाटल्या जातात आणि जागा बदलू शकतात. स्टॅकवरील संशयास्पद हवाल्यांच्या वस्तू तेवढ्या जागच्या जागी ठेवल्या जातात. अशा रीतीने पाचव्या विभागात उल्लेखलेली अडचण टाळता येते.

अडचणी मात्र नव्या रूपात परत आल्या. चाळीस वर्षांतील सी भाषेच्या मजकुरात ठिकठिकाणी असे कोपरे होते, जेथे लिस्प वस्तूंचे हवाले साध्या स्मृतीत ठेवलेले होते. ते सर्व शोधून नव्या यंत्रणेला कळवणे आले. पत्त्यावरून वस्तू शोधणाऱ्या तक्त्यांची वस्तू हलल्यावर फेरमांडणी करणे आले. कार्यप्रणालीकडून अवेळी येणारे संकेत कुलपांशी टक्कर घेऊ लागले. हेल्मुट एलर आणि पिप सेट यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी या कामात मोठा भार उचलला. १९८० च्या दशकातील नोंदवहीचा प्रश्न एका अर्थाने पुन्हा समोर उभा राहिला : कोणाकडे कोणाचा हवाला आहे, हे पूर्णपणे कोणालाच ठाऊक नव्हते.

निष्कर्ष

या इतिहासातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, सुधारणा बहुधा बाहेरून न दिसणाऱ्या जागी होते आणि तिचा लाभ भलत्याच ठिकाणी मिळतो. एक बिट मोकळा झाला आणि मोठ्या फाइली उघडू लागल्या. दुसरी, चुकीचे दोन प्रकार सारखे नसतात. थोडी रद्दी राहू देणे आणि एक जिवंत वस्तू गमावणे यांत पहिले केव्हाही पत्करावे. ग्रंथालयातील जुनी पुस्तके काढताना किंवा हजेरीपटावरून नावे कमी करताना हा विचार उपयोगी पडतो. तिसरी, ज्या रचनेत हवाले लिहून ठेवलेले नसतात तिची दुरुस्ती पुढच्या पिढीला महाग पडते.

महाविद्यालयीन अध्यापकांसाठी यात एक व्यावहारिक संधीही आहे. ईमॅक्स मुक्त सॉफ्टवेअर असल्यामुळे त्याचा संपूर्ण मजकूर कोणालाही वाचता येतो. साफसफाईची यंत्रणा त्यातील 'अलॉक.सी' या एका फाइलीत मुख्यतः एकवटलेली आहे. साफसफाईची आज्ञा हाताने दिली तर किती जोड्या वापरात आहेत आणि किती मोकळ्या झाल्या याचा तक्ताच समोर येतो. २८ व्या आवृत्तीपासून स्मृतीचा सविस्तर अहवालही मिळतो. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. देडतलाईसारख्या गावातून आलेला विद्यार्थी जुन्या संगणकावर बसून, मराठी किंवा उर्दूत चार ओळी लिहून, त्या ओळींनी स्मृतीत काय निर्माण केले आणि त्यांतले काय मागे उरले हे स्वतः मोजू शकतो. विज्ञानाच्या या शाखेचे ज्ञान आजवर बहुतांशी परभाषेतून आणि दूरच्या शहरांतून आले. 'हवाला', 'खूण', 'जमा', 'बाकी' आणि 'रद्दी' हे शब्द मात्र या मातीतले आहेत. ते वर्गात वापरले गेले तर ज्या विद्यार्थ्याला हा विषय आपला नाही असे वाटत आले, त्यालाही तो आपलासा वाटू लागेल.